कुक म्हणजे काय काय?

आज तुम्ही जे जेवलात, ते करणाऱ्या बाईने नेमकं काय काय केलं, हे तुम्हाला सांगता येईल का? "स्वयंपाक केला" हे उत्तर चालणार नाही. मी ते नववीत असताना देऊन बघितलं आहे. दहापैकी शून्य मिळालं होतं, आणि मला एकटीलाच नाही, वर्गातल्या साठच्या साठ जणांना.

निबंध होता 'माय मदर'. यवतच्या आमच्या शाळेत इंग्रजीचा निबंध म्हणजे वरच्या वर्गाकडून खाली आलेल्या एका कळकट वहीतून उतरवून काढायची गोष्ट. त्यात दुसरंच वाक्य होतं, 'शी कुक्स फूड फॉर अस'. इंग्रजीच्या सरांनी साठही वह्यांत त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी मराठीत लिहिलं, 'म्हणजे काय काय?' आणि पुढचा निबंध वाचलाच नाही.

मी तावातावाने उभी राहिले. "सर, वाक्य बरोबर आहे. मग शून्य का?"

"व्हय, बरोबर हाय. पण तू बघितलंयस का?"

"काय?"

"आई काय करती ते."

"रोजच बघते की!"

"मग सांग. भाकरी तव्यात टाकल्यावर आई पाणी कवा लावती? लगेच, का जरा थांबून? आन् हातानं का फडक्यानं?"

मला सांगता येईना. वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं, पण त्याने काय फरक पडतो!

"खाली बस. उद्या बघून ये," सर म्हणाले. "बघितल्याशिवाय लिहायचं न्हाई."

हे एक वाक्य त्या माणसाने आयुष्यभर आमच्या डोक्यावर हाणलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आज पटतं, पण त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. दोन्ही एकत्र राहू शकतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील दौंडच्या एका छापखान्यात कामाला होते आणि तालुक्यातल्या प्रत्येक संपाचं, मोर्चाचं पत्रक त्यांच्या हाताखालून जायचं. उरलेले कागद घरी यायचे. माझी अक्षरओळख 'चलो' या शब्दाने झाली. 'कष्टकरी', 'एकजूट', 'निर्धार' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता येत होते. त्यामुळे एका माणसाने तव्यावरच्या भाकरीचं पाणी विचारावं, हा मला अपमान वाटला. जगात एवढा अन्याय चालला आहे आणि हे काय घेऊन बसलेत? शिवाय मी तेव्हाच घरात जाहीर केलं होतं की मी चुलीपाशी जाणार नाही, तत्त्व म्हणून. आई भाकरी थापत होती.

'कुक' या एका शब्दाने आमचे अडीच आठवडे खाल्ले. फळ्याच्या मधोमध तो शब्द, आणि त्यातून चारी बाजूंना निघालेल्या रेघा. भाजणं एक रेघ, तळणं एक, परतणं एक, उकडणं, वाफवणं, आटवणं, कढवणं. मग सर उलट्या बाजूला गेले. कुणी खोटी गोष्ट रचली तरी इंग्रज म्हणतो, कुक केली. उन्हात माणूस भाजून निघाला तरी कुक. खेळात कुणाचा निकाल लागला तरी कुक. नुसतं 'काय चाललंय?' विचारायचं असलं तरी इंग्रज विचारतो, काय शिजतंय? आणि या सगळ्याच्या वर, जो करतो त्यालाही कुकच.

"हे पोतं हाय," सर म्हणायचे. "मोठं पोतं. इंग्रजानं सगळं त्यात कोंबलं आन् वर नाव टाकलं. पोत्यावर नाव असलं की आत काय हाय ते कुणी उघडून बघत न्हाई."

आम्ही म्हणायचो, सर, परीक्षेला हे येणार नाही. ते म्हणायचे, मग परीक्षेचं चुकतंय. आणि प्रत्येक रेघेसाठी आम्हाला बघायला पाठवायचे. तळणं बघायला हायवेवरच्या भज्यांच्या गाडीवर, भाजणं बघायला शेंगदाण्याच्या भट्टीवर. गाडीचं इंजिन तापून बसलं तर त्यालाही तिकडं कुक झालं म्हणतात, म्हणून एकदा अख्खा वर्ग गॅरेजात उभा केला. मेकॅनिकने विचारलं, "सर, पोरांना गाडी शिकवायची हाय का?" सर म्हणाले, "न्हाई, इंग्रजी." तो मेकॅनिक अजूनही तो किस्सा सांगतो. पालकांनी तक्रार केली, सहामाहीला तीन धडे राहून गेले, आणि त्या तीन धड्यांवरचे पंधरा गुण आमच्या हातून गेले. सरांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असायची. तिच्यात फोल्डिंगचं स्टूल, टोकं काढलेल्या चार पेन्सिली, आखीव कागद आणि घरून आणलेला डबा. काही बघायचं असलं की ते स्टूल उघडून तिथेच बसायचे, मग तो रस्ता असो की कुणाचं अंगण. आणि जिथे बघायला बसले तिथे पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. भजीवाल्याने आग्रहाने पुढे केलेली प्लेट त्यांनी परत केली होती. "ज्याचं खाल्लं त्याच्याबद्दल खरं लिहिता येत न्हाई," म्हणाले. भजीवाला म्हणाला, "अहो सर, पण माझ्याबद्दल लिहायचं काय हाय?" तर हे म्हणाले, "तेच तर बघतोय."

असा माणूस आमच्या शाळेत आला कसा, त्याचीही एक गोष्ट आहे. आधी ते शिरूर तालुक्यात, आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत होते. तिथे दुपारच्या खिचडीला हजेरी पटापेक्षाही भरघोस लागायची. सरांना संशय आला. दुसरा कुणी असता तर बोलला असता किंवा गप्प बसला असता. हे रोज मधल्या सुट्टीत स्टूल टाकून बसले आणि अकरा दिवस धुतलेली ताटं मोजत राहिले. बाराव्या दिवशी प्रार्थनेनंतर उभे राहून म्हणाले, "मुलांनो, आज कुक शब्दाचा एक नवा अर्थ. जे नाही ते असल्यासारखं कागदावर शिजवणे. ज्याला उदाहरण पाहिजे त्यानं मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं रजिस्टर आन् माझा हा कागद शेजारी ठेवून वाचावा."

महिन्याभरात बदली झाली. शिक्षा म्हणून त्यांना लांब दौंड तालुक्यात टाकलं, आणि त्यांचं घर वरवंडला, म्हणजे यवतपासून एका बसच्या अंतरावर. शिक्षा करणाऱ्यांनी त्यांचा पत्ताही बघितला नव्हता. ही बातमी सांगताना ते एकदाच मनापासून हसलेले मला आठवतात. "बघ! बघितल्याशिवाय लिहिलं की असं होतं."

त्यांच्या घरी गेलं की काकू चहा टाकायच्या आणि सर स्वयंपाकघराच्या दारात बसून बघायचे. मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुमची फार मजा असेल. सरांना स्वयंपाकातलं सगळं कळतं."

"कळतं तर!" काकू म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, माझा चहा बघतंय हे माणूस. आलं कवा घातलं, साखर कवा घातली, सगळं तोंडपाठ. पण एकदा उठून चहा टाकला असंल तर शपथ!"

सर ऐकत होते. म्हणाले, "मला बघायचं जमतं. करायचं जमत न्हाई." जणू हे उत्तर झालं! माझ्या वडिलांच्या पत्रकांतल्या भाषेत अशा माणसाला काय म्हणतात ते मला माहीत होतं. मी म्हटलं नाही, कारण चहा चांगला होता आणि तो मी केलेला नव्हता.

मी कॉलेज संपवून शिक्रापूरला आले. कंपन्यांच्या पट्ट्यात खोली घेतली आणि कंत्राटी कामगारांसाठी अर्ज, निवेदनं, पत्रकं लिहून द्यायला लागले. तिथे एका कंपनीच्या कँटीनमध्ये चार बायका होत्या. विमलमावशी, कौसल्या, रेखा आणि बिहारहून आलेली सुनीतादीदी. दोन पाळ्यांचं जेवण या चौघी करायच्या. पण कागदावर चौघीही 'हेल्पर'. कुक म्हणून ठेकेदाराने आणलेल्या एका पुरुषाचं नाव होतं, तो बाजार करायचा आणि चव घ्यायचा. विमलमावशी अकरा वर्षं तिथे होत्या.

त्या वर्षी ठेका बदलला. नवा ठेकेदार म्हणाला, हेल्पर मी माझे आणीन, फक्त कुक ठेवीन. ज्यांना कुक म्हणून राहायचं आहे त्यांनी शनिवारी येऊन भेटावं, सोबत काय काम केलं त्याचं इंग्रजीत पत्र आणावं. चौघींचं पोट त्या पत्रावर आलं. हा सोमवार होता.

मला इंग्रजी येतं, पण कंपनीच्या ऑफिसात खणखणीत वाटेल असं नाही. मी वरवंडला फोन लावला. सर तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते.

"सर, चार पत्रं पाहिजेत. एकेक पानाची. मी सगळं सांगते, तुम्ही फक्त इंग्रजीत टाका. उद्या संध्याकाळपर्यंत झालं तर..."

"कुणाचं काम हाय?"

मी सांगितलं.

"मी येतो."

"यायची गरज नाही हो सर, फोनवरच..."

"फोनवर दिसत न्हाई."

मंगळवारी सकाळी ते चौफुल्याला आले, तिथून न्हावऱ्याची गाडी, पुढे तळेगाव ढमढेरे करत ट्रकांच्या धुरळ्यातून शिक्रापूर. खांद्याला तीच पिशवी. मी म्हटलं, एक तास बसतील. ते दिवसभर बसले. विमलमावशींच्या पातेल्यापासून चार हातांवर स्टूल टाकून. जुन्या ठेकेदाराला आता कशाचंच सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे कुणी उठवलंही नाही.

संध्याकाळी विमलमावशी माझ्याकडे आल्या. "पोरी, तुझं सर म्हंजी इन्स्पेक्टर हाय का काय? मी डाळ घाटली तर म्हणतंय, परत घाटा. हात असा फिरवला का तसा इचारतंय. अगं, खाली वरण लागाय आलं की!"

"उद्या कौसल्याबाईंकडं बसवते त्यांना," मी म्हटलं.

बुधवारी ते पुन्हा विमलमावशींपाशीच बसले. मी कँटीनच्या दारात त्यांना गाठलं. "सर, अजून तिघी आहेत."

"हिचं झालं न्हाई."

"काय झालं नाही? डाळ, भात, भाजी, चपाती. किती वेळ लागतो लिहायला?"

"ती भात वैरती तवा आधणाचं पाणी थोडं काढून ठेवती. कशाला ते अजून कळलं न्हाई."

"मग विचारा ना!"

"विचारलं. ती म्हणती, असंच. म्हंजी तिला सांगता येत न्हाई. मला बघावं लागंल." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू कधी भात वैरलायस का?"

मी निघाले. मला छापखान्यात जायचं होतं.

गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात नऊ कागद ठेवले. पेन्सिलीने लिहिलेलं बारीक इंग्रजी, एकट्या विमलमावशींबद्दल. जिथे इंग्रजीत शब्द होता तिथे शब्द, जिथे नव्हता तिथे अख्खं वाक्य. नुसतं 'वैरणं', म्हणजे आधणात तांदूळ सोडणं, सांगायला चार ओळी. माझं डोकं फिरलं. बाकी तिघींची पत्रं मी खोलीवर बसून स्वतः लिहिली. तासाभरात झाली. 'या अनुभवी, प्रामाणिक आणि कष्टाळू कुक असून अनेक वर्षे शेकडो कामगारांसाठी अन्न शिजवीत आल्या आहेत.' तिघींना तेच, नाव तेवढं वेगळं. वाचून मला बरं वाटलं. वजनदार वाटत होतं.

शनिवारी गेटजवळच्या ऑफिसात नव्या ठेकेदाराचा मॅनेजर बसला होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. बायका घाबरल्या होत्या म्हणून मला आत उभं राहू दिलं. सर बाहेर, गेटच्या सावलीत, स्टुलावर.

पहिल्यांदा कौसल्या. त्याने माझं पत्र वाचलं, उलटं केलं, मागे काही आहे का बघितलं.

"बरं. म्हणजे स्वयंपाक करता."

"व्हय साहेब."

"तो तर माझी बायकोपण करती. अजून काय?"

कौसल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, शेकडो लोकांचा स्वयंपाक..."

"मॅडम, तुम्हाला नाही विचारलं. बाई, अजून काय करता?"

"समदंच करती," कौसल्या म्हणाली. "पडंल ते."

"पडेल ते करणाऱ्याला हेल्पर म्हणतात," तो म्हणाला, आणि कागद बाजूला ठेवला. तो उद्धट नव्हता. त्याला खरोखरच काही दिसलं नव्हतं, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. रेखाचंही तसंच झालं. सुनीतादीदी आत आली तेव्हा त्याने तिसऱ्यांदा आलेलं तेच पत्र ओळखलं आणि हसला.

मग विमलमावशी. नऊ कागद बघून तो वैतागला. "हे काय, पुस्तक आहे का?" मधलाच एक कागद उचलून वाचायला लागला, आणि थांबला.

"बाई, इथं लिहिलंय, गुरुवारी तुमचा उपवास असतो, तुम्ही चव घेत नाही. मग मिठाचं कसं करता?"

विमलमावशी सावरून बसल्या. "बुधवारीच गिलासानं मापून पुड्या बांधती साहेब. वरणाची येगळी, भाजीची येगळी. त्या दिशी कुणाला हात लावू देत न्हाई."

"आणि हे? एकाच पातेल्यात दोन प्रकारचा भात?"

"गावाकडच्या पोरांना मोकळा लागतो. बिहारी पोरांना मऊ. दोन पातेली चढवायला शेगडी कुठं हाय? मग वरचा आधी उपसायचा. खालच्यावर त्येच्याच आधणाचं काढून ठेवल्यालं पाणी शिपडायचं आन् झाकायचं. गार पाणी घातलं तर भात दडदडीत राहतो."

म्हणजे ते काढून ठेवलेलं पाणी यासाठी होतं! अकरा वर्षांत हे कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि ज्याने विचारलं त्याला ती 'असंच' म्हणाली होती. आता तिच्यासमोर ते लिहिलेलं होतं, म्हणून ती सांगत होती. मॅनेजरने एकेक कागद पुढे घेतला. खारट झालेली आमटी, ओल्या गव्हाची चपाती, गॅस संपत आला की आधी काय उतरवायचं. वीस मिनिटं तो विचारत राहिला आणि ती आवाज चढवून, हातवारे करून सांगत राहिली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, सोमवारपासून मुख्य कुक तुम्ही. तुमच्या हाताखाली आमच्या हेल्पर मुली येतील, त्यांना शिकवा."

एकीचं काम राहिलं. तिघींचं गेलं.

कौसल्या गेटबाहेर आली, सरांसमोर उभी राहिली. "सर, माझ्याजवळ आला असता तर?" एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. तिला ओरडता येत नव्हतं, म्हणून मी ओरडले. शिक्रापूरच्या चौकात, गाडीची वाट बघत, लोक वळून बघत असताना.

"चार दिवस होते सर! चार बायका, चार दिवस! एकेक दिवस एकेकीपाशी बसला असतात तर आज चौघी आत असत्या!"

"एका दिवसात दिसत न्हाई."

"अर्धं दिसलं असतं! अर्धं लिहिलं असतं तरी चाललं असतं!"

"मी अर्धं लिहीत न्हाई."

"मग तुमच्या हट्टापायी तिघी गेल्या. माझी पत्रं खोटी होती का?"

"खोटी न्हवती," सर म्हणाले. "रिकामी होती."

मला रडू यायला लागलं, रागाने. ते पिशवीचा बंद नीट करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकच जमतं पोरी. मी म्हातारा हाय. मला चौघी जमल्या न्हाईत, ही माझी चूक. पण तू कुठं होतीस चार दिवस?"

न्हावऱ्याची गाडी आली आणि ते गेले.

मी कुठे होते ते सांगते. मी छापखान्यात होते. चार दिवस एका पत्रकाचा मजकूर करत होते, तो छापून घेत होते, घड्या घालत होते. त्याचा मथळा होता, 'कष्टकरी भगिनींनो, जाग्या व्हा!' त्या चौघी रोज पहाटे चारला उठत होत्या.

ते पत्रक मी जाळलं वगैरे नाही. गठ्ठा अजून खोलीत आहे, त्याच्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहिते आहे.

पुढचं थोडक्यात. रेखा गावी गेली. सुनीतादीदी शिरूरला कुणाकडे घरकामाला आहे असं ऐकलं. कौसल्या यवतला एका ढाब्यावर आहे, भांडी घासते आणि गर्दी झाली की भाज्याही करते, कागदावर काहीच नाही. येत्या दिवाळीनंतर त्या कँटीनचा ठेका पुन्हा बदलतो आहे. नव्याला कुक हवे आहेत. या वेळी मला उशीर करायचा नव्हता, म्हणून मी आत्ताच वरवंडला गेले.

सर ओसरीत बसले होते, त्याच स्टुलावर. काकूंनी चहा आणला तेव्हा त्यांनी कप हाताने चाचपून घेतला. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मोठ्या आकृत्या दिसतात, हातांची हालचाल दिसत नाही.

मी गेल्या गेल्या म्हटलं, "सर, कौसल्याबाईंचं लिहायचं आहे. दिसत नसेल तर काही हरकत नाही. मी त्यांना इथे घेऊन येते. त्या सांगतील, तुम्ही ऐका, मी लिहून घेते."

"ऐकून मी लिहीत न्हाई."

"सर, अहो, आता तरी!"

"ती काय सांगंल? समदंच करती म्हणंल. तिला सांगता येत असतं तर तुझी-माझी गरज काय व्हती?"

काकू आतून म्हणाल्या, "सोड गं. पटलं असतं तर चाळीस वर्षांत एक चहा टाकला असता ह्यांनी."

निघताना मी म्हटलं, निदान ते स्टूल तरी द्या. वाटलं होतं, म्हातारा माणूस, काहीतरी बोलून हातात देईल.

"स्टूल न्हाई देणार. मला बसायला लागतं," ते म्हणाले. "तू खाली बस. खालनं हात जास्त नीट दिसतात."

मी गेले दहा दिवस यवतच्या त्या ढाब्याच्या मागच्या बाजूला खाली बसते आहे. कौसल्या पहिले दोन दिवस मला ओलांडून भांडी नेत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बघतीयस का नुसती? कांदा चिर." मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, "म्हाईत हाय." आता माझ्याकडे तिच्याबद्दलचे पाच कागद आहेत आणि अजून तिचं वांग्याचं भरीत संपलेलं नाही. ती वांगं भाजताना सालीवर बोट आपटून ऐकते. काय ऐकते ते मला अजून कळलं नाही. दिवाळीच्या आत एवढी एकच होईल, हे मला आता स्पष्ट दिसतं आहे. सरांवर ओरडताना हे दिसलं नव्हतं.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कुठेतरी जेवता. कंपनीचं कँटीन, मेस, हॉस्टेल, ढाबा, लग्नाचं कार्यालय, पोरांच्या शाळेतली खिचडी. तिथे आत एक बाई आहे आणि कागदावर ती कुणीच नाही. काही दिवस तिथे जेवू नका. तिची परवानगी घेऊन आत जा, खाली बसा, ती हाताने करते ते एकेक लिहा. 'कुक' हा शब्द वापरू नका. 'कष्टाळू' तर मुळीच नाही. कळलं नाही तिथे थांबा, परत करायला सांगा, आणि ती वैतागली तर वैतागू द्या. रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवा, ती चुका काढेल त्या दुरुस्त करा. वर तिचं पूर्ण नाव लिहा आणि तो कागद तिच्याच हातात द्या.

एकीचंच होईल. पण ते उद्याच सुरू करा.